मशिनिस्टला द्यायचं ड्रॉइंग कसं तयार करावं: एका शाफ्टच्या निमित्ताने

काही वर्षांपूर्वी मी एक शाफ्ट करून घेतला. ड्रॉइंग माझंच होतं आणि मापं दोनदा तपासली होती. काम हातात आल्यावर मायक्रोमीटर लावून पाहिला, तर प्रत्येक व्यास बरोबर. तरी बेअरिंग काही खांद्याला टेकेना, बारीकशी फट राहायचीच. कारण सापडायला अर्धा दिवस गेला. बेअरिंग ज्या व्यासावर बसतं ती सीट आणि बाजूने ज्याला टेकतं तो खांदा, हे दोन्ही जिथे मिळतात त्या कोपऱ्यात टूलच्या टोकाची गोलाई उतरली होती. टूलचं टोक १.२ मिमी त्रिज्येचं होतं आणि बेअरिंगच्या आतल्या कडेची गोलाई १ मिमीची. त्या कोपऱ्याबद्दल ड्रॉइंगमध्ये मी एक अक्षरही लिहिलं नव्हतं. जे लिहिलं होतं ते टर्नरने चोख केलं होतं. जे लिहिलं नव्हतं ते त्याच्या टूलने ठरवलं.

तेव्हापासून ड्रॉइंगला बसलो की मी आधी एकच गोष्ट पाहतो: हा भाग कुठे कशाला टेकतो, कशात बसतो, कशावर घासतो? तिथली मापं काटेकोर हवीत, बाकी सगळीकडे मोकळीक. हा फरक कागदावर स्पष्ट दिसला तर मशिनिस्टला पुढचं काम सोपं जातं. खाली जे लिहिलंय ते सगळं या फरकाभोवतीच फिरतं.

आधी भागाचं काम लिहून काढा

उदाहरण म्हणून तसाच एक शाफ्ट घेऊ. तो दोन ६२०४ बेअरिंगवर फिरतो. मधला जाड भाग ⌀२६ (⌀ म्हणजे व्यास), त्याच्या दोन्ही बाजूंना बेअरिंगसाठी ⌀२० च्या सीट. एका बाजूला सीटच्या पुढे ⌀१८ चा तुकडा आहे. त्यावर ६ मिमी रुंदीच्या कीने (पुलीला शाफ्टबरोबर फिरवणारी छोटी पट्टी) पुली बसते आणि टोकाला एम १६×१.५ चे आटे आहेत (व्यास १६, दोन आट्यांमधलं अंतर म्हणजे पिच १.५), पुली नटाने आवळण्यासाठी. दुसऱ्या टोकाला बेअरिंग सरकू नये म्हणून सर्कलिप, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी रिंग.

कोऱ्या कागदावर या शाफ्टचं हातानेच वेडंवाकडं चित्र काढा आणि जिथे दुसरा भाग लागतो तिथे लाल खूण करा. खुणा येतील त्या अशा: दोन सीट, दोन खांदे, पुलीची जागा, की-वे (की बसायची खाच), सर्कलिपची खाच, आटे. मधला ⌀२६ चा भाग कशालाच लागत नाही, तो हवेत फिरतो. त्याचा व्यास २५.८ आला काय किंवा २६.२ आला काय, यंत्राला फरक पडत नाही. फक्त खांदा बेअरिंगच्या आतल्या रिंगला नीट आधार देईल इतका मोठा हवा. ६२०४ साठी तो किमान २५.६ सांगितलेला असतो, म्हणून आपण २६ धरला.

या दहा मिनिटांच्या कामाला मी सगळ्यात जास्त किंमत देतो. लाल खुणा नसतील तर पुढे टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ती हद्द) कुठे द्यायचा हे अंदाजानेच ठरतं.

जुना भाग समोर असेल तर

बऱ्याचदा नवीन भाग म्हणजे मोडलेल्या किंवा झिजलेल्या जुन्या भागाची जागा घेणारा भाग. अशा वेळी जुन्यावर मिळालेलं माप जसंच्या तसं उतरवणं धोक्याचं असतं. झिजलेली सीट १९.९४ दाखवते, पण ती बनली तेव्हा १९.९४ नव्हती. बेअरिंगवरचा नंबर वाचा आणि सीटचं माप त्यावरून ठरवा. बुश असेल तर ज्या टोकाला झीज झालेली नाही तिथे मोजा आणि जोडीचा भागही मोजा.

साधा व्हर्निअर ०.०२ मिमीपर्यंत वाचता येतो, पण हाताच्या दाबाने त्यात सहज फरक पडतो. लांबी, खाचा, भोकांची अंतरं यांना तो पुरेसा आहे. फिटिंगच्या व्यासांना ०.०१ वाचणारा मायक्रोमीटर घ्या आणि एकाच जागी न मोजता शाफ्ट फिरवून दोन-तीन ठिकाणी मोजा.

दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर थेट मोजता येत नाही, त्याला एक सोपी युक्ती आहे. दोन्ही भोकांच्या जवळच्या कडांमधलं अंतर मोजा, मग लांबच्या कडांमधलं मोजा, दोन्हींची बेरीज करून निम्मी करा. भोकं लहानमोठी असली तरी उत्तर बरोबर येतं.

आट्यांबाबत नुसत्या बाहेरच्या व्यासावर विश्वास ठेवू नका. ५/१६ इंची व्हिटवर्थ बोल्टचा व्यास ७.९४ मिमी असतो आणि व्हर्निअरला तो थोडासा झिजलेला एम ८ वाटतो. पण एम ८ चा पिच १.२५ आणि कोन ६० अंश. व्हिटवर्थमध्ये इंचाला १८ आटे, म्हणजे पिच सुमारे १.४१, आणि कोन ५५ अंश. नट दोन आटे जाईल आणि अडकेल. पिच गेज लावून पाहिल्याशिवाय आट्याचं नाव ड्रॉइंगवर लिहायचं नाही.

किती दृश्यं काढायची

समजायला लागतील तितकीच. आपल्या शाफ्टला एक लांबट दृश्य पुरतं, कारण तो गोल आहे हे ⌀ या चिन्हावरूनच कळतं. त्याला की-वेच्या जागी एक आडवा छेद जोडा. सर्कलिपची खाच आणि खांद्याचा कोपरा बारीक दिसतात, म्हणून ते शेजारी पाचपट मोठे करून दाखवा. झालं. चौकोनी ब्लॉकला मात्र बहुधा तीन दृश्यं लागतात.

आतली भोकं तुटक रेषांनी दाखवता येतात, पण तुटक रेषेवर माप देऊ नका. आत पायऱ्या असतील तर सरळ छेद घ्या. दिसणाऱ्या कडा जाड रेषेने, माप आणि मध्यरेषा तिच्या निम्म्या जाडीने काढा. ०.५ आणि ०.२५ ही जोडी छपाईत छान वेगळी दिसते. कोपऱ्यात भागाचं एक तिरपं त्रिमितीय चित्र टाकलं तर वाचणाऱ्याला पहिल्या नजरेतच आकार कळतो. नियमाने ते आवश्यक नाही, तरी मी नेहमी टाकतो.

आता एक अशी चूक, जी आख्खा भाग भंगारात घालते. दृश्यं मांडायच्या दोन पद्धती आहेत. फर्स्ट अँगलमध्ये डावीकडून दिसणारं दृश्य उजवीकडे आणि वरून दिसणारं खाली काढतात. थर्ड अँगलमध्ये डावीकडचं डावीकडे, वरचं वर. अमेरिकेत थर्ड अँगल रुळलेली आहे, युरोपात आणि भारतात फर्स्ट अँगल. ड्रॉइंगवर पद्धतीचं चिन्ह नसेल आणि वाचणाऱ्याला दुसऱ्या पद्धतीची सवय असेल, तर भाग आरशातल्या प्रतिबिंबासारखा उलटा बनतो. गोल शाफ्टला याचा त्रास कमी, पण डावा-उजवा ब्रॅकेट असेल तर हमखास. कापलेल्या शंकूचं ते छोटं चिन्ह टायटल ब्लॉकमध्ये टाकायला विसरू नका.

मापं कुठून द्यायची

लेथसमोर उभ्या असलेल्या माणसाला बेरीज-वजाबाकी करायला लावू नये. त्याला लागणारं प्रत्येक माप कागदावर थेट मिळालं पाहिजे, आणि एकदाच. तेच माप दोन ठिकाणी लिहिलं की पुढे कधीतरी एक बदलतं आणि दुसरं तसंच राहतं.

लांबीची मापं कामाच्या जागेपासून द्या. आपल्या शाफ्टमध्ये सगळ्यात महत्त्वाची लांबी म्हणजे दोन खांद्यांमधलं अंतर, समजा ९० मिमी. ते थेट ९० ±०.१ असं लिहा. सर्कलिपच्या खाचेचं माप खांद्यापासून द्यायचं, शाफ्टच्या टोकापासून नाही. बेअरिंगची रुंदी १४ आणि सर्कलिपची जाडी १.२, म्हणून खांद्यापासून खाचेच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत १५.३, अधिक ०.१, उणे शून्य. खाचेचा तळ ⌀१९ आणि रुंदी १.३, ही २० मिमी शाफ्टच्या सर्कलिपची प्रमाणित मापं आहेत. खाच टोकापासून मोजली असती तर टोक कापतानाचा फरकही तिच्यात मिसळला असता.

मापांची साखळी लावली की काय होतं ते पट्टीवरच्या भोकांवरून कळतं. एका पट्टीवर सहा भोकं, प्रत्येक अंतर ३० ±०.२. पहिल्यापासून सहाव्यापर्यंत पाच अंतरं, म्हणजे सगळे फरक एकाच बाजूला गेले तर शेवटचं भोक १ मिमी सरकू शकतं. सगळी मापं एकाच कडेपासून दिली, ३०, ६०, ९० अशी, तर प्रत्येक भोक आपापल्या जागेपासून ०.२ च्या आतच राहतं. पण इथेही एक मेख आहे. कडेपासून माप दिल्यावर शेजारच्या दोन भोकांमधला फरक ०.४ पर्यंत जाऊ शकतो. एखाद्या जोडीतच अचूकता हवी असेल, उदाहरणार्थ दोन डॉवेल पिनांमध्ये (दोन भाग नेमक्या जागी ठेवणाऱ्या पिना), तर ते एक अंतर थेट आणि वेगळं द्या.

एकूण लांबी आणि तिचे सगळे तुकडे, असं दोन्ही देऊ नका. एक तुकडा मोकळा सोडा, नाहीतर एकूण लांबी कंसात लिहा. कंसातलं माप फक्त माहितीसाठी असतं, त्यावर तपासणी होत नाही.

जे मोजता येतं तेच माप द्या. की-वेची खोली ३.५ लिहिली तर ती कुठून मोजणार? वरचा गोल पृष्ठभाग तर तिथे कापला गेलेला असतो. त्याऐवजी की-वेच्या तळापासून शाफ्टच्या समोरच्या बाजूपर्यंतचं माप द्या: १८ उणे ३.५, म्हणजे १४.५, अधिक शून्य, उणे ०.१. हे मायक्रोमीटरने किंवा व्हर्निअरने सरळ मोजता येतं.

एकक एकच ठेवा. वर्कशॉपमध्ये सूत अजून बोलण्यात येतं, पण ते इंचाचा आठवा भाग, म्हणजे ३.१७५ मिमी. तोंडी बोलायला ठीक, ड्रॉइंगवर मिलिमीटरच. दशांश टिंबाच्या आधी शून्य लिहायला विसरू नका, .५ नाही, ०.५. पुसट छपाईत टिंब हरवलं की नुसता ५ उरतो.

टॉलरन्स: इथे वेळ घालवा

कोणताही भाग अगदी २०.००० मिमी होत नाही. किती वर-खाली चालेल हे तुम्ही सांगितलं नाही, तर समोरचा त्याच्या अनुभवाने ठरवतो. आणि सगळीकडेच ±०.०१ लिहिलं, तर ज्या जागेला काहीच लागत नाही तिथेही त्याला हळू कापावं लागतं, थंड होऊ द्यावं लागतं, पुन्हा पुन्हा मोजावं लागतं, कधी ग्राइंडिंगला पाठवावं लागतं. पैसा आणि वेळ दोन्ही तिथे जातात. त्याहून वाईट म्हणजे खरी नाजूक जागा त्या गर्दीत हरवून जाते.

आधी सरसकट टॉलरन्सची एक ओळ टाका. आयएसओ २७६८ चा मध्यम वर्ग म्हणजे ‘आयएसओ २७६८ एम’ सर्रास वापरतात. त्यात ६ मिमीपर्यंत ±०.१, त्यापुढे ३० पर्यंत ±०.२, १२० पर्यंत ±०.३, ४०० पर्यंत ±०.५. एका ओळीत सगळी साधी मापं निकालात निघतात आणि ड्रॉइंग स्वच्छ राहतं. कॅडमधून आपोआप येणारे ४५.००० असे तीन-तीन शून्य काढून टाका. अनेक ठिकाणी शून्यांच्या संख्येवरून अचूकता ठरवायची पद्धत आहे आणि त्या शून्यांचा अर्थ भलताच घेतला जाऊ शकतो.

मग लाल खुणांकडे वळा.

बेअरिंगच्या सीटवर ⌀२० के ६. हा टॉलरन्सच्या टेबलमधला कोड आहे, म्हणजे २०.००२ ते २०.०१५. आतली रिंग शाफ्टबरोबर फिरते, भार मात्र एकाच दिशेने येतो. रिंग सैल बसली तर ती शाफ्टवर हळूहळू सरकत सीट खाते, म्हणून इथे किंचित घट्ट बसणी हवी. बाहेरची रिंग घरात, म्हणजे हाउसिंगच्या भोकात, थोडी सरकती चालते, म्हणून ४७ च्या घराला एच ७ देतात, म्हणजे ४७.००० ते ४७.०२५. पुलीच्या जागेला ⌀१८ एच ६, इथे लहान लिपीतला एच, म्हणजे १७.९८९ ते १८.०००. पुलीच्या भोकाला मोठ्या लिपीतला एच ७, १८.००० ते १८.०१८. पुली हाताने किंवा हलक्या ठोक्याने बसते आणि डुगडुगत नाही. मोठं अक्षर भोकासाठी, लहान अक्षर शाफ्टसाठी. हा एक संकेत लक्षात राहिला तर टेबल वाचणं सोपं जातं.

मी कोड आणि आकडे दोन्ही लिहितो. नुसतं के ६ लिहिलं तर टेबल शोधावं लागतं आणि शोधताना ओळ चुकू शकते. आकडे शेजारी असले की मायक्रोमीटरवर काय दिसायला हवं ते लगेच कळतं.

खांद्याच्या कोपऱ्यात कमाल ०.६ त्रिज्या लिहा, आणि ‘कमाल’ हा शब्द वगळू नका. ज्या शब्दाअभावी माझं बेअरिंग टेकलं नव्हतं तो हाच.

व्यास बरोबर असूनही दोन सीट आणि पुलीची जागा एका रेषेत नसतील तर बेअरिंग लवकर मरतात. म्हणून दोन्ही सीट मिळून होणारा अक्ष हा आधार माना आणि त्याच्या तुलनेत पुलीच्या जागेचा रनआउट (फिरवताना होणारी डुगडुग) ०.०३ द्या. चिन्हं वापरता येत नसतील तर हेच वाक्य साध्या भाषेत नोटमध्ये लिहा. अर्थ कळणं महत्त्वाचं. ‘दोन्ही टोकांना सेंटर होल चालतील’ हेही लिहा, म्हणजे शाफ्ट दोन सेंटरमध्ये धरून सगळे व्यास एकाच अक्षावर काढता येतात. ते लिहिलं नाही तर टोकाला भोक पाडावं की नाही या विचारात काम थांबतं.

भोकांच्या जागेला ±०.१ असा चौकोनी टॉलरन्स दिला तर कोपऱ्यात भोक ०.१४ पर्यंत सरकलेलं चालतं, पण सरळ बाजूला ०.११ सरकलं की नापास. बोल्टला हा भेद कळत नाही. पोझिशन टॉलरन्स ⌀०.२८ (भोकाचा मध्य या गोलाच्या आत हवा) दिला तर तीच ०.१४ ची मोकळीक सगळ्या दिशांना मिळते आणि क्षेत्र सुमारे ५४ टक्क्यांनी वाढतं. काम तितकंच होतं आणि चांगले भाग विनाकारण नापास होत नाहीत.

तापमानाचंही भान ठेवा. मापं २० अंश सेल्सिअसला धरायची हा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. अ‍ॅल्युमिनियमचा १०० मिमी तुकडा १० अंशांनी तापला तर सुमारे ०.०२३ मिमी वाढतो, पोलाद त्याच्या साधारण निम्मं. नुकताच कापलेला गरम भाग मोजून ०.०१ ची चर्चा करण्यात अर्थ नाही.

पृष्ठभागाबद्दलही हाच न्याय. सीटला आरए ०.८, बाकी सगळ्याला आरए ३.२ (आरए म्हणजे खडबडीतपणा, मायक्रॉनमध्ये). चांगल्या टर्निंगने १.६ ते ३.२ सहज मिळतो. ०.८ साठी जास्त काळजी घ्यावी लागते आणि ०.४ म्हटलं की बहुधा ग्राइंडिंग आलंच.

आटे, भोकं, खिसे

आट्याचं पूर्ण नाव लिहा: एम १६×१.५, ६ जी (आट्यांचा टॉलरन्स, लहान लिपीतला जी), आणि पूर्ण आट्यांची लांबी. आटे खांद्यापर्यंत हवे असतील तर शेवटी टूल बाहेर पडायला खाच द्या. खांद्याला चिकटून पूर्ण आटा पाडता येत नाही.

ब्लाइंड होलमध्ये (आरपार न जाणाऱ्या भोकात) दोन खोल्या असतात, ड्रिलची आणि आट्यांची, आणि त्या वेगळ्या लिहाव्या लागतात. एम ८ साठी ६.८ चं ड्रिल, आटे १६ खोल, ड्रिल २२ खोल. टॅपच्या टोकाचे आटे अपुरे असतात आणि चिपलाही जागा लागते. ड्रिलची खोली सरळ भागापर्यंत धरतात. ११८ अंशांच्या टोकामुळे ६.८ चं ड्रिल आणखी २ मिमी खाली जातं. भिंत २५ मिमी जाडीची असेल तर खाली फक्त १ मिमी उरेल. ही वजाबाकी तुम्ही करा, मशीनवर कळलं तर उशीर झालेला असतो.

मिलिंगच्या खिशात आतला उभा कोपरा काटकोनी होत नाही, कारण कटर गोल असतो. ६ मिमीच्या कटरने किमान ३ ची त्रिज्या येते. ३.५ किंवा ४ द्या, म्हणजे कटर कोपऱ्यात न थांबता वळतो आणि थरथर कमी होते. खिसा जितका खोल तितका कटर लांब, आणि लांब कटर वाकतो. म्हणून खोल खिशाला मोठी त्रिज्या. त्यात चौकोनी भाग बसवायचा असेल तर कोपऱ्यांत छोटी भोकं घेऊन जागा करा.

धातू आणि वरचा थर

‘स्टील’ किंवा ‘अ‍ॅल्युमिनियम’ एवढंच लिहिणं म्हणजे निम्मं काम समोरच्यावर ढकलणं. ग्रेड आणि स्थिती लिहा: ईएन ८, एसएस ३०४, ६०६१ टी ६. पर्याय चालत असेल तर तोही, जसं ‘ईएन ८ किंवा सी ४५’. ताकद फारशी लागत नसेल आणि स्टेनलेसच हवं असेल तर ३०३ बद्दल विचारा, ते ३०४ पेक्षा सोपं कापलं जातं, पण गंजाला थोडं कमी टिकतं. नायलॉन ओलावा पिऊन फुगतं, म्हणून बारीक फिटिंगला अ‍ॅसिटल बरं.

प्लेटिंग करायचं असेल तर मापं थराच्या आधीची की नंतरची ते लिहा. ८ मायक्रॉन झिंक म्हणजे व्यासावर १६ मायक्रॉन वाढ. आपल्या के ६ चा सगळा पट्टा १३ मायक्रॉनचा आहे, म्हणजे एवढ्यानेच शाफ्ट नापास. आट्यांवर तर पिच व्यास (आट्यांच्या उतारांवर मधोमध धरलेला व्यास) थराच्या चौपट वाढतो. अशा शाफ्टच्या सीट झाकून प्लेटिंग करायला सांगा किंवा ब्लॅक ऑक्साइड निवडा, त्याने माप जवळजवळ बदलत नाही. अ‍ॅनोडायझिंगचा थर साधारण निम्मा धातूच्या आत आणि निम्मा बाहेर वाढतो. हार्डनिंगने भाग वाकतो, म्हणून त्याआधी ग्राइंडिंगसाठी माल शिल्लक ठेवावा लागतो. हा क्रमही ड्रॉइंगवर लिहा.

टायटल ब्लॉक आणि फाइल

भागाचं नाव, नंबर, रिव्हिजन, तारीख, धातू, नग, एकक, प्रमाण, प्रोजेक्शनचं चिन्ह, सरसकट टॉलरन्स, संपर्क. त्याखाली दोन नोट: ‘बर काढून सर्व कडा ०.२ ते ०.५ मोडाव्यात’ आणि ‘ड्रॉइंगवर पट्टी लावून माप घेऊ नये’. शिवाय मी एक ओळ जास्तीची लिहितो: ‘⌀२० च्या दोन्ही जागी ६२०४ बेअरिंग बसतं’. कोणत्याही नियमात ती नाही. पण भाग कशासाठी आहे हे कळलं की समोरचा तुमची चूकसुद्धा पकडतो.

पीडीएफ पाठवाच, सीएनसीवर काम होणार असेल तर सोबत त्रिमितीय मॉडेलची स्टेप फाइल. एसटीएल नको. तिच्यात गोल पृष्ठभागही त्रिकोणांचे तुकडे होऊन जातात. पत्रा कापायचा असेल तर डीएक्सएफ, एकास एक प्रमाणात, आणि एक ओळखीचं माप ड्रॉइंगवर लिहून, म्हणजे फाइल उघडल्यावर एकक चुकलं तर लगेच दिसेल. मॉडेल आणि पीडीएफमध्ये तफावत आली तर कोणतं खरं धरायचं, तेही लिहून ठेवा. मॉडेलमध्ये टॉलरन्स बहुधा दिसत नाहीत आणि आटे नुसत्या भोकासारखे दिसतात, म्हणून माझ्या मते पीडीएफ खरी धरावी.

कॅड येत नसेल तर अडून बसू नका. चौकटीच्या कागदावर पट्टीने काढलेलं, सगळी मापं असलेलं स्वच्छ चित्र चालतं. गोंधळलेल्या कॅड ड्रॉइंगपेक्षा ते शतपटीने बरं.

पाठवण्याआधी आणि आल्यानंतर

भाग लहान असेल तर ड्रॉइंग एकास एक छापा. छपाईत ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद आहे ना ते बघा आणि कागदावरच्या एका मापावर पट्टी ठेवून खात्री करा. मग तो कागद यंत्रावर धरा. बोल्टचं डोकं भिंतीला लागतंय, पाना फिरायला जागा नाही, असल्या गोष्टी इथेच दिसतात.

मग डोळे मिटून स्वतः तो भाग बनवा. ⌀२८ किंवा ⌀३० चा बार घेतला. कुठे धरला? पहिलं कोणतं तोंड कापलं? उलटा करून धरताना चक कशावर? प्रत्येक पायरीला लागणारं माप कागदावर आहे का? जिथे अडाल तिथे मशिनिस्टही अडणार आहे.

शेवटी मशिनिस्टशी बोला. ‘यातलं कोणतं माप तुम्हाला त्रासाचं वाटतंय?’ एवढा प्रश्न पुरतो. खांद्याची त्रिज्या थोडी वाढवली तर जवळचं टूल चालेल, खाच अर्धा मिमी सरकवली तर एक सेटिंग वाचेल, अशा सूचना येतात. लाल खुणांवर परिणाम होत नसेल तर त्या मान्य करा. मान्य केलेला बदल फोनवर ठेवू नका. ड्रॉइंगमध्ये घाला, रिव्हिजन वाढवा, नवीन फाइल पाठवा आणि जुनी वापरू नये असं स्पष्ट कळवा.

भाग हातात आल्यावर तो खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि लाल खुणांपासून मोजायला सुरुवात करा: दोन्ही सीट, खांद्यांमधलं अंतर, पुलीची जागा. मिळालेली मापं ड्रॉइंगच्या छापील प्रतीवर पेनाने लिहा. बेअरिंग बसवताना कसं गेलं तेही त्याच कागदावर लिहून ठेवा, घट्ट, बरोबर की सैल, आणि तो कागद फाइलमध्ये लावा. पुढचा शाफ्ट करायची वेळ येईल तेव्हा सुरुवात त्या कागदापासून करायची आहे.